हमीदभाईंचा बिनतारी हट्ट

हमीदभाई गेले त्या संध्याकाळी मी त्यांना शिव्या घालत होतो. माइकचं बटण सोडून, पण अगदी मनापासून. शिकवणीची शेवटची बॅच नुकतीच जिना उतरून गेली होती, खाली अमरावतीच्या राजापेठेतल्या गाड्यांचे हॉर्न चालू होते आणि मी रोजच्यासारखा रेडिओ लावून बसलो होतो. स्पीकरमध्ये नुसती खरखर. आदल्या संध्याकाळीही खरखरच होती. मला वाटलं, झालं, यांचा तो अँटेना फिरवणारा बिनतारी रोटेटर पुन्हा बिघडला. अँटेनाचं तोंड गेलं भलतीकडे, आणि हा माणूस अकोटात बसून मला हाका मारतोय नि त्या हाका सातपुड्यात जाऊन मरताहेत. “वायर टाका, वायर टाका म्हणून घसा कोरडा केला,” मी बायकोला सांगत होतो, “पण ऐकतील तर ते हमीदभाई कसले!” तेवढ्यात फोन वाजला. त्यांचा मुलगा इरफान अकोल्याहून बोलत होता. “काका, अब्बा गेले…” छातीत दुखतंय म्हणून त्यांना अकोल्याच्या दवाखान्यात नेलं होतं, आणि त्या धावपळीत मला कळवायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी फोन ठेवला तरी स्पीकर खरखरतच होता. बंद करायचंही भान राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकोटला पोचलो. कबरस्तानात खूप माणसं होती. बाजारातले व्यापारी होते, हमाल होते, आजूबाजूच्या वावरांतले कास्तकार होते. हमीदभाईंना कबरीत उतरवल्यावर कुणीतरी हलक्या हाताने त्यांचा चेहरा पश्चिमेला, किब्ल्याच्या म्हणजे मक्केच्या दिशेने वळवला. कडेला उभा असताना माझ्या मनात जे आलं ते लिहायला संकोच वाटतो, पण हमीदभाई ते ऐकून मोठ्याने हसले असते म्हणून लिहितो. मनात आलं, हमीदभाई शून्यावर आले.

हे शून्याचं प्रकरण आधी सांगायला हवं. आम्ही दोघं हौशी रेडिओवाले, ज्यांना हॅम म्हणतात ते. सरकारी परवाना काढायचा, आपला रेडिओ, आपला अँटेना, आणि हवेतून गप्पा. ते अकोटचे सरकी-ढेपेचे, म्हणजे गुरांच्या पेंडीचे व्यापारी, मी अमरावतीचा फिजिक्सचा मास्तर. आमची ओळख चेहऱ्याच्या आधी आवाजाची झाली. आमच्या प्रकारच्या रेडिओत अँटेनाला तोंड असतं. ज्या दिशेला तोंड, त्या दिशेला आवाज जातो आणि तिकडूनच येतो. पाठीमागचं जवळजवळ ऐकू येत नाही. म्हणून लोखंडी मनोऱ्याच्या टोकाशी एक मोटर बसवतात, ती अँटेना फिरवते. तोच रोटेटर. खोलीत बसून बटण दाबायचं, अंशांची तबकडी बघायची, आणि हव्या त्या गावाकडे तोंड करायचं. आमच्या दोघांत ‘तोंड करा’ हा रोजचा शब्द होता. “मास्तर, तोंड करा इकडं,” असं कुणी भर बाजारात ऐकलं असतं तर भांडण लागलंय असं वाटलं असतं.

तर पहिले कित्येक महिने आमचं जमेचना. अकोटाहून अमरावती पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे. नकाशावर मोजून मी त्यांना सांगायचो, “हमीदभाई, नव्वदाच्या थोडं पुढं आणा.” ते आणायचे आणि त्यांचा आवाज होता तोही जायचा. मी वैतागायचो, म्हणायचो, मेळघाटातल्या वाघाशी बोलून राहिले का तुम्ही? शेवटी एक दिवस एसटीने अकोटला गेलो, त्यांच्या खोलीत तबकडी बघितली, खिडकीतून मनोरा बघितला आणि कपाळावर हात मारला. जगभर शून्य उत्तरेला असतं. यांनी शून्य लावलं होतं पश्चिमेला. “हे काय केलं?” तर माझ्याकडेच आश्चर्याने बघत म्हणाले, “मंग काय करू? आमच्या गल्लीत कोणाले बी पुसा पश्चिम कुठी हाय, लहानसं पोट्टं सांगीन. उत्तर कोणाले मालूम हाय? मशिदीची भिंत समोर हाय. ते का हालून राहिली?” मी म्हटलं, होकायंत्र नावाची एक वस्तू असते. त्यावर ते म्हणाले, “ते तुमच्या शाळेत असते. अन् आता सांगू का, किब्ल्याकडं तोंड केलं का अमरावती बराबर माह्या पाठीशी हाय. अर्धा घेर फिरवला का तुमी.” त्यांनी शून्य शेवटपर्यंत बदललं नाही. मीच माझ्या डोक्यात त्यांच्यासाठी वेगळं गणित ठेवलं. मैत्री अशीच चालली, हिशेब नेहमी मी बदलायचा.

त्यांना अँटेना फिरवण्याचं मात्र भारी वेड. हिवाळ्यात सकाळी धुकं जमिनीलगत बसलं की लहरी लांब जातात. तेव्हा ते दुकान मुलावर टाकून एकेक दिशा चाळत बसायचे. बऱ्हाणपूर, औरंगाबाद, आणि एखाद्या सकाळी चक्क इंदूर. इंदूरच्या माणसाशी बोलताना त्यांचा आवाज लग्नघरातल्यासारखा व्हायचा. पण ती वर्षं आमच्या वऱ्हाडाची वाईट होती. आमचं नाव छापून यायचं ते एकाच कारणासाठी, कास्तकारांच्या आत्महत्यांसाठी, आणि हवेतही तेच. समोरचा विचारायचा, कुठून बोलताय. हे सांगायचे अकोला जिल्हा. की तिकडून हळहळलेला आवाज, “अच्छा, वही जहाँ…” एकदा ते माझ्यावरच चिडले. “कापूस कसा हाय इचारत नाई, संत्रं कसं हाय इचारत नाई, मी कसा हाय इचारत नाई. मले मातमालेच बसवतात, मास्तर!” आणि त्या दिवशी त्यांनी इंदूरकडचं तोंड खरंच फिरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिकडेच होते, ही गोष्ट वेगळी.

मनोरा त्यांच्या घरासमोरच्या रिकाम्या प्लॉटवर होता, मधे गल्ली. रेडिओची मुख्य केबल जुन्या काळी पाइपात घालून गल्लीखालून नेलेली. रोटेटरची केबल नंतर आली तेव्हा पाइपात जागा नव्हती आणि गल्लीचा सिमेंट रस्ता झाला होता. तो फोडू कोण देणार? म्हणून ती केबल भिंतीवरून वर आणि तिथून अधांतरी मनोऱ्यापर्यंत. पहिल्यांदा वानरांनी तिचा झोपाळा केला. ते परवडलं. नंतर तिच्यातल्या तांब्याचा वास लागलेली माणसं आली. विहिरींवरच्या मोटारींच्या केबली कापून नेण्याचे ते दिवस; हमीदभाईंची केबल एकदा गेली, नवी टाकली, तीही गेली. दुसऱ्या वेळी गल्लीतल्या पोरांनी चोराला धरला, मनोऱ्यालाच बांधला आणि मारायला सुरुवात केली. हमीदभाई धावत गेले. बघतात तर किसन, बंद पडलेल्या जिनिंगमधला हमाल. वर्षानुवर्षं त्याने यांचीच ढेपेची पोती उचलली होती. त्यांनी स्वतःच्या हाताने त्याला सोडवलं, घरात नेऊन चहा पाजला आणि कापलेली केबल त्याच्याच खांद्यावर ठेवून त्याला वाटेला लावलं.

हे सगळं त्यांनी मला रेडिओवर सांगितलं, आणि वर म्हणाले, “आता वायर नाई टाकायची, मास्तर. बिनतारी करतो.” मी म्हटलं, टाका हो, मी चांगली केबल घेऊन येतो, काटेरी तार गुंडाळू तिच्यावर. तर म्हणाले, “ज्या गावात मानसाच्या घरी चूल पेटून नाई राहिली, त्या गावात मी भिंतीवर तांबं टांगून ठेवू? मंग चोर किसन का मी?” माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, हमीदभाई, हे कसलं तर्कशास्त्र? उद्या गावाने काय, दागिने घालायचे नाहीत? जमिनीखालची केबल आहे तीही उपटून टाका मग! शांतपणे म्हणाले, “ते दिसत नाई ना. जे दिसते त्याची गोष्ट हाय.” मी रेडिओ बंद करून टाकला. भल्या माणसाशी वाद घालणं हे फार त्रासाचं काम आहे. तो चुकतो तेव्हाही वरच्या पायरीवर उभा असतो.

इथून पुढचा सगळा छळ त्या एका वाक्यातून निघाला. बिनतारी करायचं म्हणजे मनोऱ्यावर एक पेटी, तिच्यात रेडिओचा आदेश झेलणारं यंत्र, ते रोटेटरला हुकूम देणार. हमीदभाईंनी सोपा रस्ता काढला. भारनियमनामुळे शेतीची वीज वेळी-अवेळी, कधी अपरात्रीही यायची, तेव्हा विहिरीवर न जाता मोटर चालू-बंद करायचा रिमोट बाजारात आला होता. त्यांनी तो आणला. ‘चालू’ दाबलं की अँटेना उजवीकडे, ‘बंद’ दाबलं की डावीकडे. झकास चाललं. मलाही मान्य करावं लागलं. फक्त अँटेना अधूनमधून आपल्या मनानेच थोडा सरकायचा, आणि मी म्हणायचो, वारा असेल.

प्लॉटच्या पलीकडे देवरावचं वावर. त्याच सुमाराला देवरावच्या विहिरीवरची मोटर चळल्यासारखी वागू लागली. ओलित चालू असताना बंद पडायची, घरी जेवत असताना चालू व्हायची. त्याने मेकॅनिक आणला, स्टार्टर बदलला, शेवटी स्टार्टरला लिंबू-मिरची बांधली. आणि एक दिवस भर दुपारी, विहिरीत पाणी तळाला गेलेलं असताना, मोटर कोरडीच चालत राहिली आणि जळाली. दोन दिवसांनी देवराव ढेप न्यायला हमीदभाईंच्या घरी आला. हे रेडिओशी बसलेले, हातात रिमोट. देवराव थबकला. म्हणाला, “हमीदभाई, हा त माह्यासारखाच हाय. तुमची कोणती मोटर हाय बावा?” त्या रिमोटच्या सगळ्या पेट्यांना कंपनीने एकच इशारा दिलेला होता, हे अकोटात पहिल्यांदा त्या खोलीत कळलं. मोटर जळाली त्या दुपारी हमीदभाई बऱ्हाणपूर शोधत होते.

देवरावने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “जाऊ द्या, तुमाले का मालूम?” आणि हमीदभाईंना हेच लागलं. मोटर पुन्हा बांधून होईपर्यंत ते स्वतः वाइंडिंगवाल्याच्या दुकानात बसून राहिले आणि तो रिमोट त्यांनी कपाटात टाकून दिला. मला वाटलं, आता तरी. मी हवेवरूनच हात जोडले. म्हटलं, वायर टाका. वायर देवरावची मोटर जाळत नाही. वायर माकडाने ओढली तर खालून दिसतं कुठे तुटली ते. त्यांचं एकच, “बिनतारीच करतो, पण आता सोताची.” टेलिफोनच्या बटणांचे जे सूर असतात ते रेडिओवरून पाठवायचे आणि वरच्या पेटीने ते ओळखायचे, अशी युक्ती. युक्ती उत्तम होती, हे मास्तर म्हणून सांगतो. पण पेटी आणि बॅटरी खाली ठेवली तर ती दिसणार, म्हणून दोन्ही मनोऱ्याच्या टोकाला! म्हणजे वायरपासून सुटका व्हावी म्हणून बिनतारी, आणि बिनतारीची बॅटरी उतरली की मनोऱ्यावर चढा. वर छोटी सौरपट्टी बसवली तर कबुतरांनी तिला चुना लावला. ती पुसायला पुन्हा चढा. आमच्याकडच्या मे महिन्यात तिथे वर लोखंड हात लावू देत नाही, आणि पेटीतले भाग दर उन्हाळ्यात भाजून निघायचे.

हमीदभाईंची साठी उलटलेली. त्यांच्या पत्नी, बानोभाभी, त्या मनोऱ्याला ‘सौतन’ म्हणायच्या. मी गेलो की मलाच सुनवायच्या, “मास्टरसाब, आप दोनों का क्या चल रहा है? फोन है ना घर में! फोन पे बात करो!” मीही एकदा हमीदभाईंना हेच म्हटलं होतं. तर म्हणाले, “फोनवर काम असते. काम झालं का मानूस फोन ठेवते.” हे मात्र मला पटलं, कारण आमच्या बोलण्यात कधीच काही काम नसायचं. पाऊस पडला का, चिखलदऱ्यावर ढग दिसतात का, दातदुखी, बाजारभाव, पोरांचे निकाल. त्या वर्षांत दिवसभर कानावर काय काय पडायचं; संध्याकाळी तेवढं अर्धा तास विनाकारण बोलणं उरलेलं होतं. ते मला गमवायचं नव्हतं. तोंड चुकलं की ते बोलणं जायचं, आणि तोंड दर महिन्याला चुकायचं. म्हणून मी चिडायचो. मला तंत्राशी काय घेणं होतं!

मग एका उन्हाळ्यात ते मनोऱ्याच्या अर्ध्यावर असताना त्यांना घेरी आली. पट्टा बांधलेला होता म्हणून वाचले. बानोभाभींनी त्या दिवशी त्यांच्याकडून शपथ घेतली, पुन्हा चढायचं नाही. काही दिवस हवेत शांतता. मी फोन केला तर “चालू हाय काम,” एवढंच. आणि एका संध्याकाळी स्पीकरमधून असा खणखणीत आवाज आला, की माझा चहा सांडला. “मास्तर! झालं. आता काही अडचण नाई.” मी विचारलं, बिनतारी? “तार कुठी हाय? तारच नाई!” मी हरलो म्हणून कबूल केलं. माझ्या शिकवणीच्या पोरांनाही सांगितलं, की अकोटात एक माणूस आहे, त्याने बिनतारी रोटेटर केला.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर, ते जाईपर्यंत, आवाज एकदाही हलला नाही. पावसात नाही, वाऱ्यात नाही, उन्हाळ्यात नाही. मी विचारायचो, आज इंदूर लागलं का? “नाई, आज तुमीच.” काल? “काल बी तुमीच.” हिवाळा आला, धुक्याच्या सकाळी आल्या, मला इकडे औरंगाबाद ऐकू यायचं आणि यांचं आपलं “आज तुमीच”. मी टोमणे मारायला लागलो. म्हटलं, आळशी झालात हमीदभाई. एवढा खटाटोप करून रोटेटर केला तो काय लोणचं घालायला? ते हसायचे आणि विषय दातदुखीवर न्यायचे.

आता काही आठवड्यांपूर्वी इरफानचा फोन आला. प्लॉटवर खोल्या काढायच्या आहेत, मनोरा उतरवायचा आहे, काका तुम्ही उभे राहा. गेलो. इरफानने एक वायरमन बोलावला होता, पंढरी नावाचा. देवरावही येऊन उभा होता. पंढरी वर पोचला आणि तिथूनच ओरडला, “सर, इथी मोटर-बिटर काही नाई! पेटी बी नाई! खांबाले आरपार लोखंडी शिवळ ठोकली हाय. हे जाम हाय, फिरतच नाई!” शिवळ म्हणजे बैलांच्या जुवातली खुंटी. मी देवरावकडे बघितलं. तो पायाने माती उकरत होता.

“माह्या जुवाची हाय,” तो म्हणाला. “बैल इकले तवापासून जू पडूनच होतं. मीच चढलो होतो. त्यायले चढाची शपत होती ना. पेटी पार जळली होती, मोटर बी अडकली होती, दोनी काढून टाकल्या. मले म्हणे, देवराव, आता फिरवणं काही होत नाई, एकच अंग ठेवता येते. मी म्हनलं, कोणतं ठेवता? त म्हणे अमरावती. मले त अंश-बिंश समजत नाई. अमरावतीची यष्टी ज्या अंगानं जाते ते अंग मले मालूम, तसं ठोकलं. मी इचारलं, इंदूर जाईन ना? म्हणे, जाऊ दे.”

मी विचारलं, “आणि मला का नाही सांगितलं?”

देवराव थोडा हसला. “म्हणे, मास्तरले सांगू नका. ते वायर घेऊन येतीन.”

मी त्या प्लॉटवर उभा राहून वर बघत काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. इरफान घाबरला, पंढरी वरच थांबला. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. हट्टी माणसा, वर्षभर इंदूर सोडलंस, धुक्याच्या सगळ्या सकाळी सोडल्यास, माझे टोमणे खाल्लेस, पण भिंतीवर हातभर तांबं टांगलं नाहीस! आणि ओळखलं होतं मला बरोबर. आलो असतो. दुसऱ्याच दिवशी पहिल्या एसटीने आलो असतो. वायर तर घेऊनच ठेवलेली होती, चांगली जाड, आठ तारांची, तुमच्या गल्लीच्या मापाची.

ती गुंडाळी माझ्या गॅलरीत खिळ्याला टांगलेली असते. अकोटाहून परतलो त्या दिवशी जिना चढण्याआधी रस्त्यावरून ती दिसली. रोजच दिसत असणार. खाली पानठेल्यावर मजुरीच्या वाटेला डोळे लावून चार माणसं बसलेली होती, रोजच बसतात. मला हमीदभाईंचं म्हणणं अजूनही पटलेलं नाही, आणि ते समोर असते तर पुन्हा तेवढ्याच जोराने भांडलो असतो. गॅलरीत गेलो, गुंडाळी खिळ्यावरून काढली आणि आत, पलंगाखाली, दिसणार नाही अशी सरकवून ठेवली.